बांगडा घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात

मी तेव्हा ओरोसला एका सरकारी कचेरीत खरेदीच्या टेबलावर कारकून होते. फिनेल, झाडू, टाचण्या, लोखंडी कपाटं, जे काही कचेरीला लागेल ते माझ्या टेबलावरून जायचं. तीन दुकानांकडून दरपत्रकं मागवायची, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा, खाली टिपणी लिहायची आणि साहेबांची सही घ्यायची. नऊ वर्षं हे केल्यावर ते माझ्या अंगातच भिनलं होतं. स्वतःसाठी चप्पल घ्यायला गेले तरी तीन दुकानं फिरल्याशिवाय मी पाय पुढे करत नसे.

आमचं घर विजयदुर्गला, शनिवार-रविवारी मी तिथे जायचे; आई तिथे मासे विकायची. बाबा होडीवर जायचे, आई सकाळी जेटीवर लिलावाला उभी राहायची आणि मग पाटी डोक्यावर घेऊन वरच्या वाड्यांमधून फिरायची. तिची खरेदी आणि माझी खरेदी यांत काहीच सारखं नव्हतं. ती माशाकडे एकदा बघायची, बोटाने दाबायची आणि बोली लावायची. कागद नाही, रकाना नाही.

२००९च्या थंडीत तिच्या चष्म्याचा नंबर बदलला म्हणून मी तिला कणकवलीला नेलं. काच बसवायला दोन तास लागतील असं दुकानदाराने सांगितलं. वेळ काढायला आम्ही समोरच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. मला दोन मेल बघायच्या होत्या. त्या झाल्या आणि तास उरलाच, तेव्हा आईला गंमत दाखवावी म्हणून मी मासे साफ करण्याचा एक व्हिडिओ शोधून लावला. कुठल्यातरी परदेशातला एक माणूस निळे हातमोजे घालून बांगड्यासारखा दिसणारा मासा साफ करत होता. त्याने पहिल्याच घावाला मुंडी उडवली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आई जुन्या चष्म्यातून पडद्याच्या अगदी जवळ गेली. "मुंडी टाकल्यान त्येना," ती म्हणाली. "आता सारात काय घालतलो?"

परतीच्या एसटीत ती सारखी चष्मा काढत-घालत होती. मला वाटलं, नव्या चष्म्याने गरगरत असेल. तळेरे आल्यावर तिने विचारलं की हे असलं कोण बघतं. मी सांगितलं, जगात ज्याच्याकडे कंप्युटर आणि इंटरनेट आहे तो कुणीही बघू शकतो. मग विजयदुर्गच्या फाट्याला गाडी वळता वळता ती म्हणाली, "मी दाखयलय तर लोक बगतले?"

तिला हौस आली होती हे खरं, पण त्यामागे एक रोजची अडचणही होती. मुंबईतल्या आमच्या भाच्या-पुतण्यांच्या बायका रविवारी सकाळी आईला फोन करायच्या. त्यांच्यासमोर ओट्यावर मासे पडलेले असायचे आणि त्यांना पुढे काय करायचं ते माहीत नसायचं. आई इकडून ओरडून सांगायची की पोटाकडून चीर दे. तिकडून विचारणा व्हायची की पोट कुठल्या बाजूला. एकदा एका सुनेला सौंदाळ्याचे खवले काढायला सांगताना अर्धा तास गेला, आणि शेवटी कळलं की तिच्या हातात सौंदाळा नाहीच, दुसराच कुठलातरी मासा आहे. हात दाखवल्याशिवाय हे काम सांगता येत नाही, असं आईचं मत झालं होतं.

सुरुवात आम्ही माझ्या मोबाइलवर केली. मागच्या पडवीत आई विळीवर बसली, मी तिच्या डोक्यावर ओणवी झाले आणि तिने तारल्या साफ केल्या. ऑफिसच्या कंप्युटरवर बघितलं तर चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. मोठं करावं तर सगळ्याचे चौकोन व्हायचे. त्या चौकोनांत आईच्या हातातल्या बांगड्या तेवढ्या ओळखू येत होत्या. तारल्या साबणाच्या वडीसारख्या दिसत होत्या.

मग मी तळेऱ्याच्या बाजूच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याला विचारलं. पौष महिना चालू होता, लग्नं बंद होती, त्यामुळे तो हौसेने यायला तयार झाला. मोटारसायकलच्या मागे कॅमेऱ्याची पेटी आणि छत्रीसारखी उघडणारी लाइट बांधून तो आमच्या दारात उतरला. आणि तिथेच घोटाळा झाला. मी बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, आणि लग्नाचा शूटिंगवाला आमच्या दारात. त्याची लाइट लागेपर्यंत वाडीतल्या दोन बायका येऊन ठेपल्या. एक ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. पौषात साखरपुडा कसा काय धरला, एवढंच त्यांना कळत नव्हतं. मुलगा कुठला, काय करतो, सगळी चौकशी झाली.

आईने विळीवरून मान वर केली नाही. "बांगड्याचो साखरपुडो आसा," ती म्हणाली. "बसा. चाय घेवन जावा."

त्या बसल्या, चहा घेतला, पण त्यांची समजूत पटली नाही. पुढे महिनाभर मला बाजारात लोक एका विशिष्ट तऱ्हेने हसून बघत होते.

शूटिंगवाल्याने आपलं काम मनापासून केलं. त्याने आईला पदर नीट घ्यायला लावला, मान हळूहळू वर करायला लावली, थोडं लाजून हसायला लावलं. आठ दिवसांनी त्याने सीडी पाठवली. तीत सनई होती. आईचा चेहरा हृदयाच्या आकाराच्या चौकटीत येत होता, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या आणि चेहरा विरघळून त्याच जागी बांगडा उगवत होता. मासा कापण्याचा भाग सगळा मिळून दीड मिनिटाचा. आईने ती सीडी दोनदा बघितली आणि मला म्हणाली की चांगली आहे, पण ह्यातून कुणाला मासा कापता येणार नाही.

तेव्हा स्वतःचा कॅमेरा घ्यायचं ठरलं. माझ्याजवळ साठवलेले दहा हजार होते. त्याच्या वर जायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं आणि मला येत होती त्या एकमेव पद्धतीने कामाला लागले. कोल्हापूरच्या तीन दुकानांना फोन करून मी दर मागवले आणि कचेरीच्या कोऱ्या कागदावर तक्ता आखला. किंमत, टेप की कार्ड, झूम किती, बॅटरी किती वेळ, वॉरंटी. सवयीने सर्वात खाली सहीची जागासुद्धा सोडली.

जेवणाच्या सुट्टीत तक्ता टेबलावर पसरला की सगळी शाखा गोळा व्हायची. हिशेबाच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला टेपचा कॅमेरा घेतला होता. मुलगी आता तिसरीत होती आणि कॅमेरा कपाटात होता, पण त्यामुळे त्यांच्या अधिकाराला काही बाध येत नव्हता. झूम बघा, ते सांगायचे, बाकी सगळं नंतर. दुसऱ्या एकांनी मेगापिक्सेल हा शब्द नुकताच कुठेतरी वाचला होता आणि ते तो प्रत्येक वाक्यात वापरत. एक टायपिस्ट बाई होत्या. त्यांनी एकच विचारलं, की तुमची आई मासे कापणार, तुम्ही बोलणार, मग हा धरणार कोण? सगळे हसले. मीही हसले. तक्त्यात त्या प्रश्नाला रकाना नव्हता.

तक्त्याप्रमाणे दोन नंबरचा कॅमेरा सरस ठरला. टेपचा, पण तीसपट झूमचा, आणि दहा हजारांत बसणारा. हिशेबवाल्यांनी मान डोलावली. आता फक्त कोल्हापूरला जाऊन उचलायचा होता.

दुसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. विजयदुर्गहून सकाळी सुटणाऱ्या कोल्हापूर गाडीत आई बसली आणि मी ओरोसहून येऊन तळेऱ्याला चढले. तिने माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती. तिच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा होता. मला वाटलं, भाकऱ्या असतील. वैभववाडी गेली, करूळ घाट लागला, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला माझ्या पायावर थंड पाण्याचा थेंब पडला. मी डब्याला हात लावला. बर्फासारखा गार.

"आये, काय आसा ह्यात?"

"बांगडे. दोन."

मी आजूबाजूला बघितलं. पुढच्या सीटवरचा माणूस खिडकी थोडी अधिक उघडत होता. मी हळू आवाजात विचारलं की बांगडे कशाला आणलेस. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. कॅमेरा बघायला जातोय, ती म्हणाली, तर त्याला मासा दाखवायला नको? माशांसाठीच तर घ्यायचाय. लुगडं घेताना अंगाला लावून बघतात, भांडं घेताना वाजवून बघतात, आणि तू मात्र कागद बघून घेणार. पहाटे लिलावाला जाऊन तिने दोन ताजे निवडले होते, बर्फ घातला होता आणि वर केळीचं पान ठेवलं होतं. गगनबावड्याला गाडी थांबली तेव्हा तिने पाणी ओतून टाकलं आणि चहावाल्याकडून थोडा बर्फ मागून घेतला. मी दुसरीकडे बघत उभी राहिले.

पहिलं दुकान मोठं होतं. काचेचा दरवाजा, आत एसी, कपाटांत दिवे. टाय लावलेल्या विक्रेत्याने माझा तक्ता हातात घेतला, दोन नंबरवर बोट ठेवलं आणि माझं अभिनंदन केलं. त्याने तो कॅमेरा दारातून रस्त्यापलीकडे रोखला आणि झूम केलं. पलीकडच्या खानावळीच्या पाटीवरचे थाळीचे दर वाचता येऊ लागले. मी खरोखर भारावून गेले. मी पर्स उघडणार तेवढ्यात आई पुढे झाली आणि शुद्ध मराठीत, जी ती बँकेत आणि दवाखान्यात वापरायची, त्याला म्हणाली की लांबचं पुरे, आता हे जवळचं दाखवा. आणि तिने काउंटरवर डबा उघडला.

एसीच्या खोलीत तो वास कसा पसरतो ते मला तेव्हा कळलं. विक्रेता दोन पावलं मागे गेला. आतून मॅनेजर आला. त्याने अतिशय सभ्यपणे सांगितलं की दुकानात जेवण उघडायची परवानगी नाही. आईने तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं की हे जेवण नाही, हा अजून कच्चा आहे. त्यानंतर आम्ही रस्त्यावर होतो.

मी चिडले होते. तीन आठवड्यांचा तक्ता एका बांगड्याने पाण्यात घालवला, असं काहीसं मी बोलले. आई शांतपणे डब्याचं झाकण लावत होती. तिने सांगितलं की त्या माणसाकडून ती काहीच घेणार नव्हती. तिच्या पाटीत जेव्हा कालचा माल असतो तेव्हा ती स्वतः तेच करते. माशाचा आकार दाखवते, त्याची लांबी दाखवते, आणि गिऱ्हाइकाला गालाआडचा कल्ला उघडून त्याची लाली बघू देत नाही. तिला वाडीवरचं एकेक घर आठवत होतं, जिथे तिने असं केलं होतं. हे तिने माझ्यापाशी पहिल्यांदाच कबूल केलं, आणि तेही कोल्हापूरच्या भर बाजारात.

दुसऱ्या दुकानातही आम्हाला टाकून बोलतील या भीतीने मी तक्त्यातली उरलेली दोन नावं सोडूनच दिली. विचारत विचारत एका बोळात गेलो. तिथे एक अरुंद दुकान होतं, अर्धं विक्रीचं, अर्धं दुरुस्तीचं. डोळ्याला भिंग लावलेले एक वयस्कर गृहस्थ खोललेल्या कॅमेऱ्यात डोकं घालून बसले होते. मी तक्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी भिंग काढलं आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. माझा कुठलाही तक्ता असा पूर्ण वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आमच्या साहेबांसकट.

"ह्यात आवाजाचा रकाना कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

नव्हता. मग ते एकेक विचारत गेले. शूटिंग कुठे करणार? मागच्या पडवीत. जवळ काय आहे? खाडी, माड, वारा, होड्यांची इंजिनं. मासा कॅमेऱ्यापासून किती लांब असेल? हातभर. हातभर अंतरावर तीसपट झूमचं काय करणार, असं त्यांनी विचारलं आणि मी तक्त्यातला झूमचा रकाना हाताने झाकला. टेपवरचं चित्र कंप्युटरवर कसं घेणार? त्यासाठी वेगळी वायर लागते आणि कंप्युटरला तशी खाच लागते, ती तुमच्या कचेरीत किंवा कॅफेत आहे का? मला माहीत नव्हतं. आणि धरणार कोण? मी टायपिस्ट बाईंना मनातल्या मनात नमस्कार केला.

आई इतका वेळ दाराशी उभी होती. तिने विचारलं की मासा बाहेर काढला तर चालेल का. गृहस्थांनी काउंटरवरची सुटी सामग्री बाजूला सारली, दोन वर्तमानपत्रं पसरली आणि पंखा बंद केला.

त्यांनी तीन कॅमेरे काढले आणि एकेक करून छोट्या टीव्हीला जोडले. मासा तोच, हात तेच, वरची ट्यूब तीच. आईने बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडला. पहिला माझ्या तक्त्यातल्यासारखाच टेपचा कॅमेरा होता. त्यात कल्ला विटकरी दिसला. असा कल्ला बघून गिऱ्हाइकाने आईला दारातूनच परत पाठवलं असतं. दुसरा महागातला होता. त्यात सगळंच सुंदर दिसलं, अगदी खालच्या वर्तमानपत्रातली बातमीसुद्धा, पण त्याची किंमत ऐकून आम्ही दोघींनी एकदमच मान हलवली. तिसरा तळहाताएवढा, साबणाच्या डबीसारखा. झूम जवळजवळ नाही. कार्डावर घेतो, कार्ड काढून सरळ कंप्युटरला लावायचं. बाजूला एक बटण होतं, ते जवळच्या वस्तूसाठी सरकवलं की चित्र नीट बसायचं.

आईने टीव्हीकडे बघितलं, बांगड्याकडे बघितलं, परत टीव्हीकडे बघितलं. वेळ घेतला. लिलावात इतका वेळ ती कधी घेत नसे.

"ह्येच्यात कल्लो कल्ल्यासारखो दिसता," ती म्हणाली.

त्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक लावायचं भोकही होतं. झूमवर जाणारे पैसे इथे घाला, असं म्हणत त्यांनी पदराला लावायचा चिमट्याचा माइक काढला, लांब वायरचा. वर स्पंजाची टोपी होती, पण समुद्राच्या वाऱ्याला ती पुरणार नाही, जुन्या स्वेटरचा तुकडा गुंडाळा, असं त्यांनी सांगितलं. कॅमेरा बसवायची वीतभर उंचीची एक तिवई दिली. सगळं धरून दहा हजारांच्या आत बसलं.

आई भाव करेल म्हणून मी वाट बघत होते. एका पापलेटासाठी अर्धा तास घालणारी बाई. तिने एक शब्द काढला नाही. पैसे मी मोजले आणि तिने ते दोन बांगडे पानासकट त्यांच्यापुढे सरकवले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की घरात मटण शिजतं, मासे क्वचित, त्यामुळे करायचं कसं ते ठाऊक नाही. मग पुढची पंधरा मिनिटं आईने त्यांना ते सांगितलं, आणि त्यांनी पावतीच्या मागे लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मी विचारलं की भाव का केला नाहीस. तिने सांगितलं की त्या माणसाने आधी काय घेऊ नको ते सांगितलं.

आता उरलं होतं फक्त काम करायचं. पुढच्या रविवारी पडवीत पाट उपडा घालून त्यावर तिवई ठेवली, माइक पदराला लावला, त्याला माझ्या शाळेच्या स्वेटरची बाही गुंडाळली. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला. आणि आई मुकी झाली.

जिचा आवाज जेटीवरून देवळापर्यंत ऐकू जायचा, ती बाई त्या लाल ठिपक्यासमोर हातांनी मासा साफ करत होती आणि तोंड उघडत नव्हती. मी खुणा केल्या, थांबवलं, समजावलं. दुसऱ्या वेळी ती बोलली, पण शाळेतल्या पोरीसारखं. नमस्कार, हा मासा आहे, ही विळी आहे. तिसऱ्या वेळी तेही विसरली. बाबा मागच्या दारातून बघून होडीकडे निघून गेले.

जेवण झाल्यावर परत बसलो. पुन्हा तेच. मी वैतागले होते, कमरेत कळ आली होती, आणि कॅमेऱ्यामागून मी सहज, गिऱ्हाइकाच्या सुरात म्हटलं, काकी, हे तुमचे बांगडे शिळे दिसतात.

आईची मान झटकन वर आली. "शिळे? हंय ये. कल्लो बघ. हो शिळो? तुज्या आवशीन कधी ताजो मासो दाखयल्यान काय तुका?"

माझी आवस, म्हणजे आई, ती स्वतःच होती, पण मग ती थांबलीच नाही. कल्ला कसा लाल हवा, डोळा कसा फुगीर हवा, बोटाने दाबल्यावर मांस कसं वर यायला हवं, पोटाला चीर कुठून द्यायची, सगळं आलं. मी कॅमेऱ्यामागून खोटे प्रश्न विचारत राहिले. आतलं हे काळं काय? हे टाकायचं की ठेवायचं? मुंडीचं काय करायचं? पाच-सहा प्रश्न झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यातला एकही प्रश्न खोटा नाही. मी खरोखरच विचारत होते. होडीवर जाणाऱ्या माणसाची आणि मासे विकणाऱ्या बाईची मुलगी असून मला बांगडा साफ करता येत नव्हता.

लहानपणी मी विळीकडे गेले की आई माझ्या हातात पुस्तक द्यायची. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीने माझ्या शेजारी बसायला नकार दिला होता. मी घरी येऊन सांगितलं, आणि त्या दिवसापासून आईने मला पाटीला हातसुद्धा लावू दिला नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नंतर त्याचा कधी विचार केला नाही.

"माका कित्या शिकयलंस नाय?" मी कॅमेऱ्यामागून विचारलं.

तिने हातातला बांगडा खाली ठेवला. "शिकलां असतंस तर हंयच बसलां असतंस," ती म्हणाली. मग विळीवरून थोडी बाजूला सरकत, "आता ये. आता शिकलां तरी चलात."

मी पुढे जाऊन बसले. दिवा लागलेलाच होता, बंद करायचं दोघींच्याही ध्यानात नव्हतं. पहिला बांगडा मी वाईट कापला. दुसरा त्याहून वाईट. आई माझा हात धरून विळीवर फिरवत होती आणि तोंडाने मला नावं ठेवत होती. कार्ड भरेपर्यंत ते सगळं कॅमेऱ्यात गेलं.

आईला तो हातमोजेवाला दाखवला होता त्या संकेतस्थळावर तेव्हा दहा मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ चालत नसे. मी कंप्युटरवर कापाकापी शिकले, आणि आमचं ते मधलं बोलणं काढून ठेवलं. ते सीडीवर घेऊन ट्रंकेत टाकलं. बाकीची नऊ मिनिटं काही सेकंद पेनड्राइव्हवर घालून ओरोसच्या कॅफेत नेली. चढवायला दीड तास लागेल असं दिसत होतं. सव्वा तासाने वीज गेली. पुढच्या रविवारी परत गेले, तेव्हा चढला.

पहिल्या आठवड्यात तो एकोणीस वेळा बघितला गेला. त्यात अकरा वेळा मीच होते. मग मुंबईच्या सुनांना कळवलं, त्यांनी बघितला, त्यांच्या शेजारणींनी बघितला. हिशेबवाल्यांनी कचेरीत सगळ्यांना बोलावून दाखवला आणि झूम असता तर अजून मजा आली असती, असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. दुसरा व्हिडिओ सौंदाळ्याचा केला, तिसरा कोळंबीचा. गिऱ्हाईक मीच, आणि आई मला दर वेळी नव्याने झापायची.

तिसऱ्या व्हिडिओखाली पहिल्यांदा कुणीतरी अनोळखी माणसाने लिहिलं. इंग्रजी अक्षरांत, पण मालवणीत. काकी, तुम्ही अगदी आमच्या आवशीसारख्या ओरडता. एवढंच. मी शनिवारी घरी गेल्यावर आईला ते वाचून दाखवलं. तिने ते तीनदा वाचायला लावलं.

मग तिने विचारलं की हा कोण, कुणाचा. मला माहीत नव्हतं. नाव म्हणून त्याने काही आकडे आणि अक्षरं टाकली होती. आईला ते अजिबात रुचलं नाही. दारात येतो, बोलतो आणि गाव सांगत नाही, ही कुठली रीत? मी समजावलं की इंटरनेटवर असंच असतं. तिने माझं ऐकून घेतलं आणि चौथ्या व्हिडिओत, हातातले पेडवे, ते छोटे मासे, बाजूलाच ठेवून आधी थेट कॅमेऱ्याकडे बघत त्याला विचारलं, "बाबा, तू लिवलंस ता बरां. पण तुजो गाव खंयचो?" लाल दिव्याची भीती केव्हाच गेली होती.

हे कापून टाकायचं माझ्या मनात होतं. पण व्हिडिओ दहा मिनिटांत बसत होता, म्हणून राहू दिलं.

आठ दिवसांनी त्याचं उत्तर आलं. गाव आचरा, सध्या नोकरीला परदेशात, आई वारली दोन वर्षांपूर्वी. त्याच्या खाली दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, गाव मिठबाव. मग एकाने मुणगे. एकाने वेंगुर्ला, सध्या बोरिवली. एका बाईंनी लिहिलं, गाव जळगाव, आमच्याकडे समुद्र नाही, पण बघते. कुणी मासा कसा साफ केला ते लिहिलं नाही, कुणी व्हिडिओ कसा झाला तेही नाही. प्रत्येकाने आपलं गाव सांगितलं.

मी ती सगळी नावं कागदावर उतरवून घरी नेली आणि पडवीत बसून एकेक वाचू लागले. आई समोर सुरमई घेऊन बसली होती. तिवई पाटावर होती, माइक पदराला लावून झाला होता. मी आचऱ्याचं नाव घेतल्यावर तिने हात वर करून मला थांबवलं.

"आचऱ्यात खंय?" तिने विचारलं. "वरच्या वाडीचो काय खालच्या? इचार त्येका."